उपाशी गळा

रिसोलतच्या पोटात लहानपणापासून दोन पाहुण्या मुक्कामाला होत्या. एक ब प्रकारची कावीळ आणि दुसरी धाकट्या बहिणीबद्दलची असूया. पहिली आईकडून जन्मताच आली, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसरीची तपासणी कुठल्याच दवाखान्यात होत नाही.

धाकटीचं नाव उल्मसोय. रिसोलत दोन-अडीच वर्षांची असताना हळदीसारखी पिवळी पडली, वाचते की जाते असं झालं, आणि त्या धास्तीनं आईबापांनी पाठच्या मुलीचं नाव 'न मरणारी' या अर्थाचं ठेवलं. रिसोलत अजून म्हणे, "मरायला टेकले मी आणि नाव मिळालं हिला." पुढे दोघींना उझबेकिस्तानातल्या मर्गिलानच्या एकाच घरात दोन सख्ख्या भावांना दिलं. बहिणी होत्याच, वर जावाही झाल्या. एकच अंगण, एकच तंदूर, एकच सासू. रेशमाचा ताणा रंगात बुडवण्याआधी त्यावर दोरे बांधायचं काम दोघी समोरासमोर बसून करत आणि बांधता बांधता गात. गल्लीतून जाणारा माणूस सायकल हळू करी. कुठला आवाज कुणाचा हे मात्र त्याला सांगता येत नसे, आणि रिसोलतचं दुखणं तेच होतं.

हे गाणं साधंसुधं नव्हतं. आपल्याकडे कीर्तनाला बुवा असतात, तशा इकडे बायकांच्या बैठकीत ओतिनआयी असतात. देवाधर्माची गोष्ट सांगता सांगता त्या गायला लागतात, गाता गाता डोळे पुसायला लावतात आणि मधूनच एखाद्या सुनेला असा चिमटा काढतात की सगळं अंगण हसून लोळतं. मी इथे राहते त्या मोहल्ल्याच्या बूसारा ओतिनआयी अशा होत्या. त्यांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट मी घरी येऊन भांडी घासताना पुन्हा गात असे, आणि भांडी आपली होऊन जात. पण आता त्यांचे गुडघे गेले होते. रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी आपली जागा त्या या दोघींतल्या एकीला देणार होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांचा एक नेम होता. रमजानात त्यांच्या जागेवरून गाणारीचा गळा उपाशी हवा. त्यांच्या गुरुआईनं त्यांना तसं लावून दिलं होतं. "जेवलेल्या बाईचा सूर नाकातून येतो," त्या म्हणत. "मला नाकातला देव नको."

आणि रिसोलतला रोजे मना होते.

रमजानच्या आधी दोघी बहिणी तपासणीला गेल्या; आईची कावीळ धाकटीलाही आली होती. डॉक्टर मुअत्तर म्हणजे चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारी बाई, पण आजार मात्र पहिल्या नजरेत पाहणारी.

"उल्मसोय, तुझा विषाणू झोपलाय," त्या म्हणाल्या. "त्याला उठवायचं काम नाही. गोळीही नको. तब्येत बरी वाटली तर रोजे धर, नाही वाटली तर सोड, आणि तपासणी चुकवू नकोस."

उल्मसोयनं मान हलवली. रिसोलतनं तिची मान हलताना पाहिली.

"रिसोलत, तुझा जागा आहे. ही गोळी रोज, चुकवायची नाही. नहोर घ्यायची. मग दोन तास थांबून व्यवस्थित जेवायचं. दिवसभर थोडं थोडं खात राहायचं. रोजा नाही."

"एकही?"

"एकही."

"हिला सगळे आणि मला एकही नाही," रिसोलत म्हणाली. "आई तर एकच होती."

"विषाणूला आई कळत नाही गं," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या बाईला हाक मारली.

आता हा 'नहोर' शब्द. इकडे नहोर म्हणजे सकाळचं, अजून काही न टाकलेलं पोट. आपली न्याहारी आणि हा नहोर एकाच घरच्या लेकी वाटतात, एक भरलेली आणि एक रिकामी. डॉक्टरांनी तो शब्द गोळीपुरता वापरला होता. रिसोलतनं तो दवाखान्याच्या पायरीवर उचलला, बटव्यात ठेवला आणि घरी पोचेपर्यंत पुरता आपल्या मापाचा करून घेतला.

सासूनं विचारलं, "काय म्हणाली डॉक्टरीण?"

"नहोर राहा म्हणाली."

उल्मसोय त्या वेळी विहिरीवर होती.

रमजान लागला. रोजे धरणारे पहाटे उठून जेवून घेतात. रिसोलत उठायची, सगळ्यांना वाढायची आणि स्वतः घास घ्यायची नाही. घेतला तर गोळी नहोर कशी होणार? बांग व्हायच्या जरा आधी ती एक गोळी आणि घोटभर पाणी घ्यायची. मग दिवस मावळेपर्यंत काही नाही. म्हणजे बाकीच्यांचा उपास पहाटेच्या जेवणावर उभा होता आणि हिचा आदल्या संध्याकाळच्या. डॉक्टरांचा शब्दही राखला आणि रोजाही राखला, असा तिचा हिशोब. दुपारी सासूनं तिच्यासाठी झाकून ठेवलेला शोरबा ती मुकाट्यानं पातेल्यात परत ओते, आणि सासूनं विचारलं की म्हणे, "जेवले, आयी."

उल्मसोयला वाटे, ताई जेवते, गोळी घेते, घरात पडून राहते. बरं आहे. आणि बैठकीला ताई येऊन गायला बसली की तिला वाटे, सराव करतेय बिचारी. जागेवरून थोडीच गाणार आहे.

पण त्या महिन्यात रिसोलतचा आवाज काही वेगळाच लागला. पातळ झाला, तार ओढल्यासारखा. चेहरा ओढला गेला होता, डोळे मोठे दिसत होते, आणि ती "हे कृपावंता" म्हणाली की बायकांना वाटे, ही देवाच्या दारातच उभी आहे. ओतिनआयींनी एका दुपारी तिला जवळ बोलावलं.

"पोरी, तू रोजे धरतेस?"

"डॉक्टरांनीच नहोर सांगितलंय, ओतिनआयी."

म्हाताऱ्या बाईनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शेवटच्या शुक्रवारी माझ्या जागेवर रिसोलत गाईल."

उल्मसोय संध्याकाळी रोजा सोडायचे पेले मांडत होती. तिच्या हातातला एक पेला दुसऱ्यावर आपटला. तो आवाज रिसोलतनं मनात जपून ठेवला. पुढचे काही दिवस भूक लागली की ती तो आवाज आठवी, आणि भूक थोडी मागे सरे.

शुक्रवारच्या आधी पुन्हा तपासणी होती. दोघी गेल्या. डॉक्टरांनी कागद पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"गोळी घेतेस?"

"रोज. नहोर."

"मग हे काय? विषाणू कमी व्हायला हवा होता, तो वर चढलाय. यकृतही सुजलंय." त्यांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, मग हाताचं मनगट धरलं. "तू खातेस काय गं?"

उल्मसोय म्हणाली, "खाते की. सासूबाई रोज झाकून ठेवतात."

"मी तिला विचारलं."

"नहोर म्हणालात ना तुम्ही," रिसोलत म्हणाली. "मी नहोर राहिले."

"किती वेळ?"

"मावळेपर्यंत."

उल्मसोयनं मान वळवून बहिणीकडे पाहिलं, आणि तिला तो महिना पहिल्यापासून नीट दिसायला लागला. पातेल्यातला न संपणारा शोरबा, ते मोठे डोळे, तो तारेसारखा आवाज.

डॉक्टर रागावल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"ऐक. यकृत म्हणजे घरातलं स्वयंपाकघर समज. तू जेवलीस की त्याला काम नसतं, आलेली साखर ते फडताळात रचून ठेवतं. तू उपाशी राहिलीस की आधी फडताळ रिकामं होतं. मग डोक्याला, रक्ताला साखर हवी म्हणून यकृत स्वतः चूल पेटवतं आणि नवी साखर रांधायला बसतं. ती चूल पेटवायची एक कळ असते. पोट भरलं की कळ मिटते, उपास पडला की उघडते. कळलं?"

"कळलं."

"हा विषाणू लबाड आहे. तो तुझ्या यकृताच्या पेशीत घरातल्या माणसासारखा बसलाय, आणि त्यानं आपली हंडी त्याच चुलीवर टेकवून ठेवलीय. कळ उघडली, चूल पेटली, की साखर तर रांधली जातेच, पण त्याच आगीवर त्याचीही पिलावळ शिजते. तू जेवलीस की आग बसते आणि त्याची हंडी गार पडते."

"म्हणजे मी उपाशी आणि जेवला तो," रिसोलत म्हणाली.

"तसंच. हे उंदरांत स्वच्छ दिसलंय. माणसात याचा किती वाटा, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. कदाचित तुझ्या आकड्यांना दुसरंही कारण असेल, ते मी शोधेन. पण हा शोध मला तुझ्या अंगावर लावायचा नाही. आजपासून जेवायचं."

"मग नुसती खडीसाखरच देते हिला दिवसभर," उल्मसोय म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता.

"नको. मग यकृतावर चरबी चढेल आणि ही मला दुसऱ्या दुखण्यासाठी भेटेल. विषाणूला अडवते ती गोळी. जेवणानं एवढंच होतं, त्याला आयती चूल मिळत नाही. नान, भात, डाळ, फळं. माणसासारखं खा."

दोघी तुतीच्या रस्त्यानं पायी निघाल्या. वाटेत रिसोलत थांबली.

"जा. सांग ओतिनआयींना. जागा तुझीच."

"मी नाही सांगणार."

"का? मी असते तर सांगितलं असतं."

"ते ठाऊक आहे मला," उल्मसोय म्हणाली. "मी सांगितलं तर मोहल्ला म्हणेल, जळून सांगितलं."

"आणि जळत नाहीस?"

"जळते."

रिसोलतला हे अपेक्षित नव्हतं. तिला वाटायचं, जळणं हे थोरलीचं काम आहे आणि धाकटीच्या वाट्याला फक्त गाणं आलंय.

"माझ्या आवाजावर?"

"तुझ्या आवाजाला काय झालंय? माझ्यासारखाच आहे. मी खडीसाखरेवर जळते." उल्मसोय रस्त्याच्या कडेला कालव्याच्या कठड्यावर बसली. "तुला काविळीसाठी गोड हवं म्हणून आई टोपलीतून दोऱ्यावरची खडीसाखर काढायची. खडे तुला. दोरा मला. मी तो दोरा चोखून चोखून पांढरा करायची आणि देवाकडे मागायची, मलाही एकदा कावीळ होऊ दे."

"झालीच होती की तुला. माझ्यासारखीच."

"झाली होती, पण झोपलेली. झोपलेल्या आजाराला कुणी साखर घालतं का, ताई? आताही बघ. सासूबाई शोरबा कुणासाठी झाकतात? मांसाचा मऊ तुकडा कुणाला? तुला. आणि तो तू पातेल्यात परत ओतत होतीस."

रिसोलतला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. ती बहिणीशेजारी बसली, पण हात धरला नाही. दोघींमध्ये एक माणूस बसेल एवढी जागा राहिली.

"शुक्रवारपर्यंत थोडे दिवस आहेत," रिसोलत म्हणाली. "तेवढे राहिले उपाशी, तर काय होणार आहे?"

"तुला माहीत आहे काय होणार आहे. आत्ताच सांगितलं तिनं." उल्मसोय उठली. "मी कुणाला बोलणार नाही. तू गा, नाहीतर जेव. पण दोन्हीचा ठपका माझ्यावर ठेवू नकोस."

ते मधले दिवस रिसोलतचे कसे गेले, ते तिचं तिला माहीत. रोज सकाळी ती नान हातात घेई आणि तिला ओतिनआयींच्या जागेवर बसलेली उल्मसोय दिसे. रुमाल सारखा करणारी, गळा खाकरणारी. नान हातातच राही. मग तिला ती दुसरी हंडी दिसे, आत कुठेतरी रटरटणारी, आणि ती घाईघाईनं एक घास घेई. असे घास मोडत मोडत शुक्रवार आला. रोज खाल्लं तिनं, पण कुणाला दिसू दिलं नाही.

दुपारच्या नमाजानंतर ओतिनआयींच्या अंगणात सतरंज्या पडल्या. जर्दाळूच्या झाडाखाली बायका जमायला लागल्या. रिसोलत सगळ्यांच्या आधी आत गेली, म्हाताऱ्या बाईच्या पायाशी बसली आणि सांगून टाकलं. शब्द, गोळी, शोरबा, चूल, हंडी, आणि या चार दिवसांतले घास.

"मी तुमच्याशी खोटं बोलले नाही, ओतिनआयी. डॉक्टरांचा शब्द खरा होता."

"शब्द खरा होता," ओतिनआयी म्हणाल्या. "पण शब्द घेतलास आणि वाक्य टाकून दिलंस. गोष्ट सांगणारीनं असं करायचं नसतं." त्यांनी गुडघ्यावरचा हात काढून तिच्या डोक्यावर ठेवला. "आजाऱ्याला देवानं मोकळीक दिलीय. त्यानं तुझ्यापुढे ताट ठेवलं आणि तू ते परत सारलंस. कुणासाठी? त्याच्यासाठी की धाकटीच्या नाकावर टिच्चून?"

"धाकटीच्या," रिसोलत म्हणाली. देवासमोर आणि ओतिनआयींसमोर खोटं बोलायची तिची ताकद संपली होती.

"मग जागा धाकटीची. नेम मी मोडत नाही. आणि तू माझ्या डाव्या हाताला बस. सगळ्यांसमोर खा."

"सगळ्यांसमोर? सगळ्या उपाशी असताना?"

"लपून खाण्यापेक्षा बरं."

म्हणून त्या शुक्रवारी आमच्या मोहल्ल्यानं एक नवल पाहिलं. भर रमजानात, भरल्या बैठकीत, एक बाई समोर चहा, नान आणि दोऱ्यावरची खडीसाखर घेऊन बसली होती. नान भाजून विकणारी मस्तुरा पुटपुटली, "वास तरी येऊ देऊ नकोस गं, बाई." बायका हसल्या. रिसोलतचे कान तापले. एकेक घास तिला दगडासारखा उतरत होता.

आणि उल्मसोय गायला लागली.

तिनं कुठली गोष्ट घ्यावी? घराची. एका घरात एक पाहुणा आला, गात गात ती म्हणाली, आणि त्यानं यजमानणीच्या चुलीवर आपली हंडी ठेवली. रिसोलतच्या हातातली वाटी तिथेच थांबली. माझं यकृत, माझी हंडी, माझं मनगट धरलं होतं डॉक्टरणीनं, आणि गाते ही. आजारसुद्धा घेतला माझ्याकडून. तिच्या पोटात जे पेटलं, ते नानानं विझणारं नव्हतं.

उल्मसोय रंगात आली होती. बायका डोलत होत्या. तिनं तान घेतली आणि शेवट बांधला: यजमानीण उपाशी राहिली, चूल थंड पडली, हंडी थंड पडली, आणि पाहुणा भुकेनं उठून गेला.

"बरोबर आहे," मस्तुरा म्हणाली. "मलाही तोच पाहुणा आहे पोटात. आता ईदनंतरही रोजे चालू ठेवते. मरू दे मेल्याला भुकेनं." मागच्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. पोटात तोच पाहुणा असलेल्या आमच्या मोहल्ल्यात काही थोड्या नाहीत.

उल्मसोयच्या ध्यानात आलं नव्हतं. सूर चांगला बसला होता, आणि उपाशी घरात चूल थंडच असते, असंच कुणीही म्हणेल. बाहेरच्या चुलीचं तसंच असतं. आतल्या चुलीचं उलटं असतं, हे त्या अंगणात फक्त एका बाईनं स्वतःच्या अंगावर शिकून घेतलं होतं.

रिसोलतला क्षणभर वाटलं, चुकू दे. सगळ्यांसमोर चुकू दे तिला. मग तिनं मस्तुराकडे पाहिलं, तंदुराच्या धगीनं काळवंडलेल्या त्या हसऱ्या चेहऱ्याकडे, आणि गालातला खडा एका बाजूला सारून तिनं सूर उचलला. बहिणीच्याच सुरावर, खालच्या पट्टीत.

नाही गं सख्यांनो, ती गायली, या घराची चूल उलटी आहे. यजमानीण जेवली की ती निजते, यजमानीण उपाशी राहिली की ती पेटते. उपास तुमचा आणि पंगत पाहुण्याची. गोळी त्याला दारात अडवते, पण आतली आग तुमच्या घासानंच बसते. ज्याला डॉक्टरांनी खा म्हटलं, त्यानं देवाचं नाव घ्यावं आणि खावं.

सूर जड होता. साखरेनं, नानानं, रागानं. पण तो अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत गेला. उल्मसोयनं डोळे मिटले, आपला सूर वर नेला आणि ताईच्या सुराला जागा करून दिली. पहिल्यांदाच, कुठला आवाज कुणाचा ते साऱ्यांना कळत होतं.

मस्तुरानं चेहरा ओढणीनं पुसला. "डॉक्टरणीला विचारून मगच," ती शेजारणीला म्हणाली.

ओतिनआयी रिसोलतकडे झुकल्या. "नाकातून येतोय," त्या कुजबुजल्या. "थोडा." आणि तिच्या हाताखाली वाटी पुढे सारली.

जागा उल्मसोयलाच मिळाली. ओतिनआयींनी आपला पांढरा रुमाल काढून तिच्या खांद्यावर घातला, बायकांनी हात उचलून दुवा मागितली. रिसोलतनंही मागितली, मनापासून, आणि रुमालाची किनार किती सुबक आहे हेही पाहून घेतलं.

बायका पांगल्यावर दोघी सतरंज्या झटकत होत्या.

"उलटं गायले मी," उल्मसोय म्हणाली.

"उलटंच."

"तू सांभाळलंस."

"तुला नाही सांभाळलं. मस्तुराला सांभाळलं."

"बरं."

वाटीत खडीसाखरेची एक माळ उरली होती. रिसोलतनं दातानं खडे सोडवले आणि बहिणीच्या ओढणीच्या टोकाला बांधून दिले, दिवस मावळला की तोंडात टाकायला. दोरा तिनं स्वतःच्या तोंडात धरला. बांधताना तिला दिसलं की खडे चांगले मोठे होते, आरपार दिसणारे, आणि तिच्या पोटात एक कळ आली. ती यकृताची नव्हती.